टोपीच्या कार्बाइनची पुंगळी: धुणं, तपासणं आणि वेळेवर मोडीत काढणं

स्मिथ किंवा मेनार्ड कार्बाइनची, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धातल्या आखूड रायफलची, प्रतिकृती नव्यानं घेतलेला माणूस बंदुकीची नळी त्याच संध्याकाळी मन लावून साफ करतो आणि पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, मात्र पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवतो. आठ दिवसांनी पिशवी उघडली की आत हिरवट पूड, बुजलेली भोकं आणि एकमेकींना चिकटलेलं पितळ. मग मैदानावर टोपी (घोडा आपटला की फुटून ठिणगी देणारी छोटी धातूची वाटी) फुटते, पण बार होत नाही, आणि दोष बंदुकीला दिला जातो. या बंदुकांच्या बहुतेक तक्रारी पुंगळीत सुरू होतात, म्हणून हा लेख पुंगळीपुरताच आहे.

आधी कायद्याचं. हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथल्या यादवी युद्धातल्या बंदुकांनी नेमबाजीच्या स्पर्धा घेणारी नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन १९५० पासून चालू आहे आणि व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ फोर्ट शेनँडोआ इथं तिचं मैदान आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपापल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत, ते सगळीकडे सारखे नाहीत. भारतात गोळी झाडू शकणारी बंदूक जुन्या धाटणीची असली तरी ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. परवान्याशिवाय यातलं काहीही इथं करून पाहू नये.

या पुंगळीचं वेगळेपण

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. ते एनफिल्डचं कागदी काडतूस होतं. दातांनी फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, म्हणजे शेवटी ठासणीचीच बंदूक. त्याच दशकात अमेरिकेत मागून भरायच्या कार्बाइन तयार होत होत्या. वॉशिंग्टनचे दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी पितळेची नळकांडी केली, बुडाला रुंद चकती बसवली आणि तिच्या मधोमध एक बारीक भोक ठेवलं. गिल्बर्ट स्मिथ यांच्या कार्बाइनचं काडतूस गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकाचं होतं. अँब्रोस बर्नसाइड यांची पुंगळी पितळेची, पण शंकूसारखी निमुळती. यादवी युद्धात अमेरिकेच्या केंद्र सरकारनं मेनार्ड सुमारे २०,०००, स्मिथ सुमारे ३०,००० आणि बर्नसाइड सुमारे ५५,००० घेतल्या.

या सगळ्यांत एक गोष्ट सामाईक आहे. पुंगळीत स्वतःची टोपी नसते. टोपी बंदुकीच्या निप्पलवर, म्हणजे आरपार भोक असलेल्या छोट्या बोंडावर, बसते, घोडा तिच्यावर आपटतो, ठिणगी एका बोळातून येते आणि पुंगळीच्या भोकातून आत शिरून दारू पेटवते. त्यामुळे टोपी काढणं, नवी ठोकणं ही कटकट नाही. नीट सांभाळलेली पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. या बंदुकांची मागची बाजू आजच्या रायफलसारखी घट्ट बंद होत नाही. धूर आणि आग मागे येऊ न देण्याचं काम पुंगळीच करते. बार झाला की तिची भिंत फुगून चेंबरला, म्हणजे ती बसते त्या खोबणीला, चिकटते आणि फट बंद होते. स्मिथमध्ये तर बंदूक चेंबरच्या मध्यावरच मोडून उघडते, म्हणजे सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन्हीकडे पुंगळी पसरलेली असते. प्रेशर कुकरच्या रिंगेसारखं समजा. रिंग चिरली की भांडं कितीही भारी असो, वाफ बाहेर येणारच. इथं ती तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येते, एवढाच फरक.

सुरुवात मैदानावरच

झाकण असलेली रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. निम्मी पाण्यानं भरा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे पाचसहा थेंब टाका. झाडलेली पुंगळी थंड झाली की सरळ त्यात. बस्स. एवढं केलं की घरचं अर्धं काम कमी होतं.

घाई का, ते समजून घ्या. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे क्षार असतात. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरडी दिसणारी काजळी तासाभरात ओलसर होते आणि ओल्या क्षाराशी पितळाची गाठ पडली की कळंक चढायला लागतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आजीला ठाऊक होतं. इथं पदार्थाऐवजी भांडंच बिघडतं. दमट हवेत, म्हणजे व्हर्जिनियाच्या उन्हाळ्यात, याला एक रात्र पुरते.

हे क्षार पाण्यात सहज विरघळतात ही त्यातली चांगली बाजू. महागडी रसायनं लागत नाहीत. बंदुकीचं खनिज तेल मात्र या काजळीशी मिळून डांबरासारखा लगदा करतं, तेव्हा पुंगळी 'तात्पुरती तेलात' ठेवू नका.

घरी धुताना

स्वयंपाकघरातलं भांडं, गाळणी किंवा सिंक वापरायचं नाही. पुंगळीत शिसं असतं. वेगळी बादली, वेगळा ब्रश, हातात रबरी मोजे, आणि धुतलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात ओतायचं नाही.

१. बरणीतलं काळं पाणी टाकून द्या. सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो सल्फाइडचा आहे, घाबरायचं कारण नाही, पण खिडकी उघडी असू द्या. साध्या पाण्यानं दोनदा खळखळून घ्या.

२. एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड. तीसचाळीस पुंगळ्या त्यात पंधरा मिनिटं.

३. एकेक पुंगळी हातात घेऊन नायलॉनच्या बाटलीच्या ब्रशनं आतून घासा. ब्रश पुंगळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा हवा. बुडाचा कोपरा, जिथं भिंत आणि चकती मिळतात, तिथं काजळीचं कडं बसतं. ते निघालं का, हे बॅटरीच्या उजेडात बघा. ते कडं दर वेळी थोडं थोडं वाढलं की आत दारूला जागा कमी पडते आणि तेच माप भरूनही गोळी वर उरते. 'माझा दारू मोजायचा चमचा बिघडला' असं वाटायला लागतं ते इथून.

४. भोक साफ करा. (खाली सविस्तर.)

५. गरम पाण्यानं तीनदा धुवा. शेवटच्या पाण्यात साबणाचा फेस दिसता कामा नये.

पितळ काळवंडलं असेल तर लिंबूसत्व वापरा. एक लिटर कोमट पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. दहा मिनिटं बुडवा, मध्ये एकदा हलवा, बाहेर काढा. नंतर लिटरभर पाण्यात मोठा चमचा खायचा सोडा टाकून त्यात बुडवा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरेल, आणि पुन्हा साधं पाणी. चिंचेचा कोळही हेच काम करतो, त्यातही आम्लच आहे, पण भोकात चोथा अडकतो. व्हिनेगर चालेल, चार भाग पाण्यात एक भाग, तेवढाच वेळ.

वेळ पाळणं महत्त्वाचं. पुंगळी आम्लात रात्रभर विसरली की पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे राहतं. पृष्ठभाग गुलाबी दिसतो. ही गुलाबी झाक सुंदर दिसते खरी, पण ते सच्छिद्र, दुबळं पितळ आहे. नुसती झाक असेल आणि घासल्यावर जात असेल तर ठीक, ठिपके किंवा पट्टे राहत असतील तर ती पुंगळी बाद.

काय वापरायचं नाही, याची यादी छोटी आहे. कपड्यांचं ब्लीच नको. घासायची खरखरीत पावडर आणि लोखंडी तारेचा काथ्या नको, कारण भिंत झिजते आणि चरे पडतात. आणि अमोनिया कोणत्याही रूपात नको. काच पुसायच्या द्रवात तो असतो, काही पितळ-पॉलिशमध्येही असतो.

अमोनियाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण या गोष्टीचा धडा आपल्याच भूमीवर मिळाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात आपोआप चिरू लागली. कोणी हात लावला नाही, झाडली नाहीत, तरी उभ्या भेगा. ती तबेल्याजवळ साठवलेली होती. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, या तिन्हींच्या संगतीनं पितळ फुटत होतं. ऋतूशी जोडून इंग्रजीत या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं. नेमकं कारण १९२१ मध्ये उलगडलं. तेव्हा काच पुसायचा निळा फवारा पुंगळीवर मारताना तो तबेला आठवावा.

घुसळणाऱ्या यंत्राबद्दल नेहमी विचारणा होते. आक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा आधुनिक पुंगळ्यांना छान, इथं त्रासाचा. एक कण भोकात अडकला की टोपी फुटेल, बार होणार नाही. स्टीलच्या बारीक पिनांचंही तेच, शिवाय पिन भोकात आडवी बसली तर उजेडात धरूनही पटकन दिसत नाही. चीनी मातीच्या मोठ्या गोळ्या पाण्यासोबत वापरता येतात, त्या भोकात शिरत नाहीत. खरं सांगायचं तर चाळीस पुंगळ्यांना ब्रशनं अर्धा तास लागतो. यंत्राची गरज हौसेपोटी असते.

भोक

पुंगळीतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. ते बुजलं तर बार होत नाही, मोठं झालं तर आग उलटी येते.

साफ करायला तंबाखूचा पाइप पुसायची केसाळ तार उत्तम. ती नसेल तर तांब्याची मऊ तार किंवा नायलॉनच्या ब्रशचा जाड केस. सुई, टाचणी, ड्रिल बिट आत फिरवू नका. स्टील पितळापेक्षा कठीण असतं, दर वेळी केसभर पितळ खरवडलं जातं, आणि दहा वेळच्या सफाईत भोक तुम्हीच मोठं करून ठेवता. साफ झालं की पुंगळी दिव्याकडे धरून तोंडातून पाहा. भोक गोल, कडा स्वच्छ दिसली पाहिजे. अंडाकृती दिसलं तर आतून काजळीचा कण आहे किंवा कड जळाली आहे.

मापासाठी ड्रिल बिटचाच उपयोग करायचा, पण त्याच्या गुळगुळीत दांड्याचा. पुंगळ्या नव्या असतानाच ०.१ मिलिमीटरच्या पायरीनं वाढणारा संच घेऊन कोणता दांडा भोकात जेमतेम जातो ते पाहून वहीत लिहा. पुढे दर पाचसहा सत्रांनी तपासा. मूळ मापापेक्षा ०.२ मिलिमीटर मोठा दांडा आत गेला की ती पुंगळी वेगळी काढायची, हा आमचा दंडक. याहून सैल राहणारे लोक आहेत, आम्ही नाही.

मोठ्या भोकाची लक्षणं बंदुकीवर दिसतात. बार झाल्यावर घोडा अर्धवट मागे उचललेला असतो, टोपीचे तुकडे उडतात, निप्पलभोवती काळा डाग वाढत जातो. मात्र हीच लक्षणं निप्पलचं स्वतःचं भोक झिजल्यावरही दिसतात. आधी नवा निप्पल लावून पाहा. तो स्वस्त आहे, आणि पन्नास पुंगळ्या उगाच मोडीत जाणार नाहीत.

वाळवणं

झटकून पाणी काढा, सुती फडक्यावर तोंड खाली करून ठेवा, मग उन्हात किंवा पंख्याखाली. तोंड खाली असलं तरी भोकात पाण्याचा थेंब अडकून राहतो, म्हणून प्रत्येक भोकातून एकदा फुंकर मारायला रबरी फुगा वापरा, तोंड नको. दुसऱ्या दिवसापर्यंत भरायचं नाही. ओल्या पुंगळीत भरलेली दारू बुडाशी गोळा होते, आणि ठिणगी नेमकी तिथंच येते.

ओव्हन वापरायचा मोह आवरा. अन्नाच्या ओव्हनमध्ये शिसं नेणं वाईटच, शिवाय बुडाला डाक दिलेल्या, म्हणजे सोल्डरनं जोडलेल्या, पुंगळ्या आणि प्लॅस्टिकच्या पुंगळ्या उष्णतेनं बिघडतात.

तपासणी

धुतल्यावर, वाळल्यावर, भरण्याआधी. रोज. इथं घाई करणाऱ्याला या छंदात जागा नाही.

पहिल्यांदा तोंड. अंगठ्याच्या नखानं कडेवरून गोल फिरवा. नख अडखळलं तिथं भिंगातून बघा. केसासारखी उभी भेग असेल तर संपलं. भेग कापून टाकून पुंगळी आखूड करून वापरू असा विचार करू नका, कारण मग गोळी आणि नळीतल्या आट्या (आतल्या पिळदार खाचा) यांमधलं अंतर वाढतं.

मग भिंत. पुंगळी काचेच्या तुकड्यावर आडवी लोळवा. डगमगली तर कुठंतरी फुगवटा किंवा पोचा आहे. हलका पोचा आतून लाकडी गोल दांड्यानं हळूच दाबून काढता येतो. बुडाजवळचा फुगवटा काढायचा नसतो, ती पुंगळी काढायची असते.

मग बुडाचा सांधा. मेनार्डच्या मूळ पुंगळ्यांची चकती नळीला डाकेनं जोडलेली असे. आजच्या बहुतेक नव्या पुंगळ्या भरीव पितळी कांबीतून लेथवर एकसंध काढतात, पण डाकेच्याही मिळतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. भोकावर बाहेरून बोट दाबून धरा, आत काठोकाठ पाणी भरा आणि मिनिटभर थांबा. सांध्याशी ओल दिसली तर डाक सुटते आहे. घरी परत डाक देत बसू नका. पूर्ण गोल सांधा भरला की नाही, हे बाहेरून कळत नाही.

चकतीची जाडीही बघायची. कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजा. मेनार्डमध्ये ही चकती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि बंदूक बंद झाली की दोन पृष्ठभागांत धरली जाते. घासून घासून ती पातळ झाली तर पुंगळी मागेपुढे हलते आणि आगीला वाट मिळते. नव्या बंदुकीसोबत नव्या पुंगळ्या बंद करताना हाताला जो ताण जाणवतो, तो लक्षात ठेवा. तो नाहीसा झाला म्हणजे काहीतरी झिजलं आहे.

आता तापवून नरम करण्याबद्दल. पितळ पुन्हा पुन्हा फुगलं, आखडलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात त्यामागे हाच गुण आहे, ठोक्यांनी पत्रा टणक होतो. पुंगळीला मात्र टणकपणा नको, तोंडाशी लवचिकपणा हवा. म्हणून आधुनिक काडतुसं भरणारे लोक तोंड ज्योतीवर तापवतात. तुम्ही ते करू नका, निदान विचारल्याशिवाय. डाकेची पुंगळी तापवली तर डाक वितळेल. शिसं-कथलाची साधी डाक १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळायला लागते. लेथवर काढलेल्या पुंगळ्यांचं पितळही वेगळं असतं. कापायला सोपं जावं म्हणून त्यात सुमारे ३ टक्के शिसं घालतात, आणि ते काडतुसाच्या नेहमीच्या ७० भाग तांबं, ३० भाग जस्त अशा पितळासारखं वागत नाही. विक्रेत्यानं 'तापवता येईल' असं स्पष्ट लिहून दिलं असेल तरच पुढे जा.

पुंगळ्यांचे गट करा. एका वेळी घेतलेल्या चाळीस पुंगळ्या म्हणजे एक गट, आणि वहीत किती सत्रं झाली याची नोंद. खूण करायचीच असेल तर बुडावर मार्करनं. भिंतीवर टोकदार वस्तूनं आकडे कोरू नका. प्रत्येक चरा ही भेगेची सुरुवात असते.

स्मिथच्या प्लॅस्टिक पुंगळ्या

मूळ गटापर्चा हवेनं हळूहळू ठिसूळ होतो. त्या काळचं एखादं काडतूस मिळालं तर ते संग्रहात ठेवायचं, धुवायचंही नाही. आज स्मिथसाठी काळ्या प्लॅस्टिकच्या आणि पितळी अशा दोन्ही पुंगळ्या मिळतात. नवख्यानं प्लॅस्टिकनं सुरुवात करावी असं आमचं मत आहे. ती स्वस्त आहे, कमी दाबातही फुगून चेंबर छान बंद करते आणि बिघडली की स्पष्ट दिसते.

धुण्याची पद्धत तीच, पण पाणी हाताला सोसेल इतपतच कोमट. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचा द्रव यांपासून लांब ठेवा. तोंड दोन बोटांत दाबून सोडा, ते लगेच गोल झालं पाहिजे. चपटं राहत असेल तर गोळी सैल बसेल. बाहेरून मध्यावर, म्हणजे जिथं बंदूक उघडते तिथं, गोल वळ उमटतो. नुसता वळ चालतो. नखाला खाच लागली, की पुंगळी त्या जागी कापली जाते आहे आणि लवकरच दोन तुकडे होऊन पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहील. तो काढायला लाकडी दांडा नेहमी खोक्यात असावा. चाकूनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं उकरलं तर चेंबरला ओरखडे पडतात आणि पुढची प्रत्येक पुंगळी तिथं अडकते.

प्लॅस्टिकच्या पुंगळीचं भोक वितळून मोठं होतं, तेही पितळापेक्षा लवकर. तिथं मापाचा नियम अधिक कडक लावा.

काजळी वाचायला शिका

झाडलेली पुंगळी बरणीत टाकण्याआधी दोन सेकंद बघा. तोंडाशी थोडा काळेपणा सगळ्यांनाच येतो, काळ्या दारूचा दाब कमी असल्यानं जाड भिंतीची पितळी पुंगळी पूर्ण फुगत नाही. पण काळे ओघळ बुडापर्यंत आले असतील तर पितळ फार कडक झालं आहे, किंवा पुंगळी चेंबरला सैल आहे, किंवा दारू फार कमी भरली आहे. एकाच बाजूला ओघळ असेल तर त्या रेषेत भेग शोधा, बहुधा सापडतेच. चकतीच्या खालच्या बाजूला भोकाभोवती काळं वर्तुळ नेहमीचं आहे. ते चकतीच्या काठापर्यंत पसरलं तर सांधा किंवा जाडी तपासा. आणि स्मिथमध्ये बरोबर सांध्याशी जळल्याची खूण सगळ्याच पुंगळ्यांवर एकाच जागी येत असेल तर पुंगळ्यांना दोष देऊ नका, बंदुकीचा सांधा ढिला झाला आहे. बंदूक कारागिराकडे न्या.

पुन्हा भरताना

दारू फक्त काळीच. आधुनिक धूररहित दारूचा चिमूटभर अंशही या बंदुकांत जायला नको, त्यांचा सांधा तो दाब सोसत नाही. काळ्या दारूचे पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी कागदोपत्री चालतात, पण त्या पेटायला जास्त उष्णता मागतात. इथं ठिणगी लांबचं वळण घेऊन येते, त्यामुळे बार उशिरा होतो. त्यातल्या पर्क्लोरेट असलेल्या पावडरी मागे क्लोराइड सोडतात आणि ते पितळाला काळ्या दारूपेक्षा वाईट.

दाण्यांचा आकार दोन-एफ किंवा तीन-एफ (एफ जितके जास्त तितके दाणे बारीक). पन्नास कॅलिबरच्या स्मिथमध्ये निशाणबाजीसाठी बहुतेक लोक २५ ते ३५ ग्रेनच्या दरम्यान थांबतात (१ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम). तुमच्या बंदुकीच्या निर्मात्यानं दिलेली कमाल मर्यादा हाच शेवटचा शब्द. त्याच्या खालून सुरुवात करा. माप आकारमानाचं, चमच्यानं. दारूच्या मोठ्या कुपीतून पुंगळीत थेट ओतायचं नाही.

गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहू द्यायची नाही. काळ्या दारूत अशी पोकळी नळी फुगवू शकते. कमी दारू भरली तर उरलेली जागा भरायला अमेरिकेत लोक मक्याचं पीठ किंवा गव्हाचा रवा वापरतात. होय, उपम्याचाच. कोरडा हवा, भाजायची गरज नाही. भरणी गोळीखाली नीट दाबली गेली पाहिजे, पण दारूचे दाणे चुरडता कामा नयेत.

लाकडी ठोकळ्यात भोकं पाडून पुंगळ्या उभ्या करा. सगळ्यांत दारू, मग उजेडात सगळ्यांची पातळी एकदा बघणं, मग भरणी, मग गोळ्या, या क्रमानं. तीन-एफचे दाणे भोकातून गळत असतील तर भोक मोठं झालंय का ते आधी मोजा. युद्धकाळातल्या काडतुसांची भोकं मेणानं बुजवत. मेणाचा थर जाड झाला की ठिणगी अडते, तेव्हा नवख्यांनी दोन-एफ वापरून हा प्रश्नच टाळावा.

गोळी अंगठ्याच्या दाबानं आत बसली पाहिजे. हातोडी लागत असेल तर तोंड लहान आहे, हलवल्यावर पडत असेल तर मोठं. बाहेरची चरबी म्हणून मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल वजनानं निम्मं-निम्मं, उन्हाळ्यात मेण ६० टक्के. खनिज ग्रीस नको, कारण वर आलंच आहे. चरबी गोळीच्या खाचेत हवी. ती पुंगळीच्या आत उतरली की दारू भिजवते.

टोपी फुटली आणि बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान एक मिनिट थांबा, मैदान-अधिकाऱ्याला हात करा, मग दुसरी टोपी लावा. तिसऱ्यांदाही नाही झालं तर बंदूक त्यांच्या देखरेखीत उघडा. बहुतेक वेळा निप्पलमध्ये तेल राहिलेलं असतं. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला रिकाम्या बंदुकीवर दोन टोप्या फोडून बोळ कोरडा करतात.

ठेवताना

भरलेली काडतुसं महिनोन्महिने ठेवू नका. चरबी दारूत उतरते आणि सोरा पितळाला आतून खातो. सत्रानंतर उरलेली मोकळी करा, दारू पुन्हा मूळ डब्यात मिसळू नका.

रिकाम्या पुंगळ्या प्लॅस्टिकच्या खणांच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत. तेलाचा हात लावायचा नाही. चामड्याची काडतूस-पेटी दिसायला देखणी, पण ती फक्त दिवसभरापुरती. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळावर हिरवं मेणचट किटण आणतात आणि ते आधी भोकात साचतं.

बाद झालेली पुंगळी कचऱ्यात सबंध टाकू नका. कोणीतरी उचलतो, धुतो आणि भरतो. ऐरणीवर ठेवून चपटी करा आणि भंगाराच्या डब्यात टाका.